पिल्लाआधी आलेलं सामान

कुत्रं आणायचं ठरलं ते हौसेपोटी नव्हे, भीतीपोटी.

आमचं घर तिकोणा पेठेच्या गावठाणापासून जरा बाजूला, गडाच्या उतारालगत आहे. मागे ओढा, आणि ओढ्यापलीकडे ठाकरवाडीची दहा-बारा घरं. नवरा देहूरोडच्या डेपोत कामाला. तो तिथेच क्वार्टरमध्ये राहायचा, रविवारी यायचा. मी कामशेतच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे. मी ड्युटीवर गेले की घरात सासरे एकटे उरत. त्या वर्षी आषाढात बिबट्या दोनदा अंगणात येऊन गेला. पहिल्यांदा चिखलात नुसते पंजे उमटले होते. दुसऱ्यांदा त्याने आमचं जुनं गावठी कुत्रं नेलं. सकाळी मी दार उघडलं तेव्हा साखळी खुंट्याला तशीच होती आणि तिच्या टोकाला तुटलेला पट्टा.

सासऱ्यांनी तो पट्टा उचलला, उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, "आता बारकं कुत्रं नगं. आनायचं तर वाघाला जड जाईल असं आना."

नवऱ्याच्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार देहूरोडला राहतात. त्यांच्या ग्रेट डेन कुत्रीला सात पिल्लं झाली होती. आम्ही जाऊन एक काळं पिल्लू पसंत केलं. सुभेदार म्हणाले, "दोन महिन्यांचं होईपर्यंत आईजवळ राहू द्या. तोवर तुम्ही सामान जमवा. आणि एक सांगतो, लहान कुत्र्याचं सामान आणून वाढवू असं म्हणाल तर फसाल. याचा पंजा बघा." त्यांनी पिल्लाचा पुढचा पाय माझ्या तळहातावर ठेवला. तान्ह्या मुलाच्या मुठीएवढा होता.

ते सांगत गेले आणि मी ड्युटीच्या तक्त्याच्या मागच्या बाजूला लिहीत गेले. खाणं मोठ्या जातीच्या पिल्लांचंच आणायचं. दुसऱ्या खाण्याने हाडं भराभर वाढतात आणि पाय वाकतात. कॅल्शियमची पावडर आपल्या मनाने घालायची नाही. चेंडू एवढा मोठा हवा की घशात जाणार नाही. फरशी गुळगुळीत असेल तर चटया अंथरायच्या, नाहीतर पाय फाकून खुबा जातो. पिंजरा पुढे मोठ्या कुत्र्याला पुरेल असा, पण आत फळी लावून आत्ता लहान करता येईल असा. खाली जाड गादी. पाण्याचं भांडं जड, पालथं न होणारं.

घरी येऊन मी यादी मोठ्याने वाचून दाखवली. सासरे म्हणाले, "माझ्या लग्नात बी एवढी यादी नव्हती."

लोणावळ्यात पाळीव प्राण्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. पुढच्या रविवारी मी स्कूटर काढून गेले. दुधिवरे खिंडीत धुकं इतकं होतं की समोरून येणारी गाडी आधी ऐकू यायची आणि मग दिसायची. दुकानात सगळा माल बंगलेवाल्यांच्या बारक्या कुत्र्यांचा. गुलाबी स्वेटर, बशीएवढी भांडी, करंगळीएवढ्या दोऱ्या. त्यातून शोधशोधून मी खाण्याची पिशवी, पुढे सैल करता येईल असा रुंद पट्टा, जाड दोरी, रबराचं मोठं हाडूक आणि ब्रश घेतला. पिंजरा मात्र नव्हता. गादीही नव्हती.

दुकानदार म्हणाला, "ऑर्डर द्यावी लागेल, ताई. तीन आठवडे तरी लागतील." मग म्हणाला, "तुंगार्लीच्या अंगाला एक बंगला आहे. तिथे गेल्या वर्षी मीच सगळं सामान दिलं होतं. मोठ्या कुत्र्याचं. आता ते पडून आहे म्हणे. राखणदार मावशी आहेत, त्या देतील. फक्त..."

तेवढ्यात एक जोडपं आत आलं आणि तो त्यांच्याकडे वळला. मीही थांबले नाही. पिंजऱ्याचा प्रश्न सुटला म्हणून मला घाई झाली होती.

बंगल्याचं फाटक गंजलेलं होतं. मावशी साठीच्या असतील, डोक्यावर प्लॅस्टिकचं इरलं. मी कशासाठी आले ते ऐकल्यावर त्या मागच्या बाजूला निघाल्या. गाडीच्या शेडमध्ये एका कोपऱ्यात सामान होतं. घडीचा लोखंडी पिंजरा, निळ्या रेक्झिनच्या खोळीची गादी, स्टीलची दोन जड भांडी, एक चादर. सामानाभोवती जमिनीवर चुन्याची पांढरी रेघ ओढलेली होती. फिनेलचा वास येत होता, आणि त्याखाली आणखी एक वास. वीस वर्षं दवाखान्यात काढलेल्या नाकाला तो ओळखू यायला हवा होता. आला, असं आज वाटतं.

"चांगलं आहे की सगळं," मी म्हणाले. "कुत्रं कुठं आहे?"

"गेलं."

"कुठं?"

मावशी माझ्याकडे न पाहता भांडी एकात एक घालत होत्या. "गेलं, ताई," त्या पुन्हा म्हणाल्या.

मराठीत गेलं म्हणजे गावाला गेलं, आणि गेलं म्हणजे मेलं. मला जे सोयीचं होतं ते मी घेतलं. मालक मुंबईला घेऊन गेले असतील, असं स्वतःलाच सांगितलं.

सामान उचलताना त्यांनी विचारलं, "तुमचं केवढं हाय?"

"दोन महिन्यांचं होईल."

त्या थांबल्या. गादीचं दुसरं टोक त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी क्षणभर सोडलं नाही. मग म्हणाल्या, "धुऊन घ्या. नीट धुवा. कढत पान्यानं." आणि सोडलं. मी चहासाठी हातावर पैसे ठेवायला गेले, तर हात मागे घेऊन म्हणाल्या, "ह्याचं काय नगं मला."

आमच्या गावची दुधाची पिकअप रिकामी परत चालली होती, तिच्यात सामान टाकलं आणि मी मागोमाग घरी आले.

सासरे ओट्यावर बसले होते. गादी उतरताना पाहून उठले. "कुनाची गं ही?"

"लोणावळ्यातल्या एका बंगल्यातली. फुकट मिळाली, आबा."

"आन् कुत्रं?"

"नेलं असेल मालकांनी."

"जित्या कुत्र्याची भांडी कोन देतं?" ते म्हणाले. "मेलेल्याचं अंथरून जित्याला घालू न्हाई, सूनबाई. टाकून ये."

मी हसले. त्यांचं बरंचसं बोलणं मी असंच हसण्यावारी नेत असे. मांजर आडवं गेलं की ते दोन मिनिटं थांबायचे, तशातलंच हे एक असं मला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. पिंजरा, भांडी, खोळ सगळं मी ओढ्यावर नेऊन फिनेलने घासलं. दवाखान्यात सांडलेल्या रक्तावर, उलटीवर आम्ही ब्लीच टाकतो. फिनेलवर तिथे कुणी भागवत नाही, मीही भागवलं नसतं. घरात ब्लीचची बाटली होती. पण ब्लीचने खोळीचा निळा रंग गेला असता, म्हणून मी ती घेतली नाही. एवढ्या साध्या कारणासाठी. खोळीच्या आतला स्पंज पाणी पिऊन जड झाला. एका बाजूला तो तपकिरी झाला होता आणि तो भाग कितीही पिळला तरी पाणी गढूळच येत होतं. ऊन नव्हतं, तो वाळणं शक्य नव्हतं. मी कात्रीने त्याचा तपकिरी कोपरा कापला, उरलेला पाहिला, आणि शेवटी सगळाच ओढ्याकाठच्या उकिरड्यावर टाकला. खोळीत घरच्या जुन्या गोधड्या भरल्या. झाली गादी.

दोन दिवसांनी पाहिलं तर उकिरड्यावर स्पंज नव्हता. पाण्याबरोबर गेला असेल, असं वाटलं.

पिल्लू पुढच्या रविवारी आलं. त्याला पहिली लस टोचलेली होती, पुढच्या दोन बाकी होत्या. एवढं मोठं पिल्लू आणि स्वभावाने इतकं भित्रं की पहिल्या दिवशी सासऱ्यांच्या काठीला भुंकून तेच पिंजऱ्यात पळालं. सासऱ्यांनी नाक मुरडलं, पण संध्याकाळी पाहते तर त्यांचा जुना शर्ट पिंजऱ्यात. "थंडी हाय," ते म्हणाले. पिल्लू निळ्या गादीवर पालथं पडून झोपायचं, मागचे पाय बेडकासारखे पसरून. खोळीचे कोपरे चावायचं. मी ड्युटीवरून आले की आधी भांडं वाजायचं, मग ते दिसायचं.

सातव्या दिवशी भांडं वाजलं नाही.

ते गादीवरच होतं. शेपूट एकदा हलली. सकाळचं खाणं तसंच होतं. तासाभरात पिवळी उलटी झाली, मग दुसरी. मग जुलाब सुरू झाले. त्या जुलाबाचा वास घरात पसरला आणि मी दारातच उभी राहिले. हाच वास त्या शेडमध्ये होता. फिनेलखाली होता तो हा.

त्याला चादरीत गुंडाळून, पिकअपवाल्याला विनवून कामशेतच्या जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तपासणीची पट्टी लावली. थोड्या वेळाने तिच्यावर दोन रेघा उमटल्या.

"पार्वो," ते म्हणाले. "पिल्लांच्या आतड्याचा आजार आहे. औषध असं नाही. सलाईनवर तग धरला तर वाचेल. याचं अंथरूण, भांडी कुठून आणली?"

मी सांगितलं.

"कशाने धुतलीत?"

मी तेही सांगितलं. मी नर्स आहे हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी नुसती सलाईनची बाटली माझ्या हातात दिली. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

बाहेर येऊन मी लोणावळ्याच्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "दोन पिल्लं गेली तिथं, ताई. एकामागोमाग एक. तेच सांगणार होतो तुम्हाला. मला वाटलं, मावशींनी सांगितलं असेल."

मी रजा टाकली. पुढचे पाच दिवस पुढच्या खोलीत छताच्या कडीला बाटली टांगलेली होती. पिल्लाच्या पायाची शीर मला सापडली, तेवढंच काय ते माझं शिक्षण कामी आलं. सासरे दिवसभर त्याच्याजवळ बसून असत. सुई निघू नये म्हणून त्याचा पाय मांडीवर धरून ठेवत. मला एका शब्दाने बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुपारी रक्त पडलं तेव्हा मात्र म्हणाले, "खड्डा कुटं काढायचा ते बघून ठिवतो." आणि खरंच पावसात बाहेर गेले. मी पिल्लाच्या हिरड्या पाहिल्या, त्या चुन्यासारख्या पांढऱ्या होत्या. परत आल्यावर त्यांनी हात धुतले आणि पुन्हा त्याचा पाय मांडीवर घेतला.

पाचव्या दिवशी त्याने पेजेचा थेंब माझ्या बोटावरून चाटला. सहाव्या दिवशी उभं राहिलं. पडलं, पुन्हा उभं राहिलं. सासरे म्हणाले, "जगतंय हे." मला रडू आलं.

त्याच सकाळी कुंपणापाशी ठाकरवाडीतली एक बाई आली. माझ्याहून थोडी मोठी असेल. पावसाळ्यात ती आम्हाला करटुली, शेवळं अशा रानभाज्या आणून द्यायची. ती दारातून दिसणारी सलाईनची बाटली पाहून म्हणाली, "तुमचं बी पडलं व्हय?"

"तुमचं बी म्हणजे?"

"आमच्या कुत्रीनं चार घातली व्हती. लय चांगली व्हती. काल शेवटचं गेलं. सगळी रगात हागून गेली." तिने पदर तोंडाला लावला. "शेजारच्या घरातली दोन बी तशीच. काय हवा हाय कळंना."

मी तिच्याबरोबर ओढा ओलांडून गेले. का गेले, काय शोधायला गेले, तेव्हा मला सांगता आलं नसतं. तिच्या घराच्या वळचणीखाली कुत्री पडून होती, पोट आत गेलेलं, दूध सुकून गेलेलं. तिच्या अंगाखाली स्पंज होता. एका बाजूचा कोपरा कापलेला. कात्रीने, तिरका.

"ही गादी कुठून आणली?" मी विचारलं.

"ही व्हय? तुमच्याच उकिरड्यावर पडलेली. चांगली मऊ व्हती. म्हनलं, व्यालेलीच्या अंगाखाली व्हईल."

आजूबाजूला तीन-चार बायका जमल्या होत्या. कुणालाच काही कळलेलं नव्हतं. मी गप्प बसले असते तर ते हवेवरच गेलं असतं. तो विचार माझ्या मनात आला, आणि आल्यावर लगेच गेलाही नाही. मी कुत्रीकडे पाहत उभी राहिले. मग तिथेच खाली बसले आणि सांगितलं. बंगला, दोन मेलेली पिल्लं, फिनेल, स्पंज, सगळं.

ती ऐकत होती. मधेच हातातली काटकी मोडत होती. माझं झाल्यावर तिने विचारलं, "तुमचं जगलं?"

"जगतंय."

"सलाईननं?"

"हो."

"मंग आदी सांगायचं व्हतं," ती म्हणाली. "आमी बी उचलून आनली असती तुमच्याकडं. हितं पलीकडं तर ऱ्हाता."

तिचा आवाज चढला नाही. मला माहीत नव्हतं, असं म्हणता आलं असतं, पण आमच्या पिल्लाला पार्वो आहे हे मला सहा दिवस माहीत होतं. या सहा दिवसांत मी ओढ्यापलीकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

तो स्पंज मी स्वतः उचलला. ओला असल्याने पेटेना. शेवटी सासऱ्यांनी गवताची पेंढी आणि रॉकेल आणलं. काळा धूर उठला आणि वारा नसल्याने वाडीवरच बसून राहिला. निळी खोळ, गोधड्या, चादर, सासऱ्यांचा शर्टही त्यातच टाकला. पिंजरा आणि भांडी ब्लीचमध्ये बुडवून ठेवली.

डॉक्टर रविवारी आले. मी त्यांना सगळं आधीच सांगून ठेवलं होतं. वाडीतल्या अकरा कुत्र्यांना त्यांनी लस टोचली. एका म्हाताऱ्याने आपलं कुत्रं धरू दिलं नाही. "सुईनं मारायला आलंत," तो म्हणाला आणि कुत्र्याला घेऊन रानात निघून गेला. त्याला समजवावं असं मला वाटलं, पण मी त्याच्यामागे गेले नाही. निघताना डॉक्टरांनी बजावलं, "मोठी कुत्री तगतील. नवी पिल्लं मात्र वर्षभर आणू नका. मातीत राहतं हे."

वर्षभर थांबणं आम्हाला जमलं असतं. वाडीला जमलं नाही. त्या बाईची कुत्री दिवाळीपर्यंत तशीच खंगत राहिली आणि एका सकाळी उठली नाही. तिच्या दारात भुंकायला कोणी उरलं नाही. कार्तिकात बिबट्याने तिच्या गोठ्यातून एक शेळी नेली आणि आठ दिवसांत दुसरी. त्या दिवसांत ती आमच्याकडे फिरकली नाही. एकदा बांधावर समोरासमोर गाठ पडली, तर मान खाली घालून गेली. आमचं पिल्लू तेव्हा माझ्या कमरेला लागत होतं. दोरीला हिसडा देऊन तिच्याकडे ओढत होतं, आणि मी दोन्ही हातांनी दोरी धरून उभी होते.

मग पौषात एका सकाळी ती दारात आली. कमरेला पदराची झोळी आणि झोळीत एक तांबूस पिल्लू. इंदुरीला तिची बहीण दिली आहे, तिच्याकडून आणलं होतं. मला म्हणाली, "डॉक्टरला बोलवा. आदी टोचून घ्या, मंग घरात नेते."

मी फोन केला. डॉक्टर दुपारी तिच्या घरी आले. पिल्लू वळवळत होतं, कुणाच्या हाती राहत नव्हतं. डॉक्टरांनी सुई भरली आणि धरायला कोण येतंय म्हणून इकडेतिकडे पाहिलं. तिने पिल्लू माझ्यापुढे केलं.

"धरा. तुमीच धरा."

मी धरलं. तळहाताखाली त्याचं काळीज धडधडत होतं. सुई टोचल्यावर ते एकदाच किंचाळलं आणि माझ्या अंगठ्याला चावलं.

डॉक्टर सामान आवरत म्हणाले, "लस लागू व्हायला वेळ लागतो. अजून दोन डोस आहेत. ते होईपर्यंत, दोन महिने तरी, याला खाली जमिनीवर सोडू नका."

तिने घराकडे पाहिलं. शेणाने सारवलेली ओसरी, पुढे अंगण, अंगणात कोंबड्या, त्यापुढे ओढा.

"जमीन सोडून कुटं ठिवू, डॉक्टर?"

त्यांनी बॅगेची चेन लावली. तिने माझ्या हातातून पिल्लू घेतलं आणि खाली सोडलं. ते दोन पावलं अडखळलं, अंग झाडलं, आणि नाक मातीला लावून हुंगत हुंगत अंगणात निघालं.